गणपतीतला फोटो

सीमाच्या टेबलाच्या बरोबर खाली, टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, ऑफिसच्या तळघरात, मीनाक्षी बसायची. तिथे जुन्या नकाशांचे लोखंडी खण होते. खण ओढला की आवाज वर यायचा. मीनाक्षी रजेवर असली तरी सीमाला तो ऐकू यायचा. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही खोटं नाही.

दीड वर्षापूर्वी मीनाक्षी परमिट विभागाची प्रमुख होती. निवडणुकीत मेयर बदलले आणि पंधरा दिवसांत तिची रवानगी तळघरात झाली. तिने टाउनशिपवर केस ठोकली: मला जुन्या मेयरच्या गटातली समजून शिक्षा केली. टाउनशिपचं म्हणणं, ती कुणाच्या बाजूची हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

ठाऊक होतं. सीमानेच दाखवलं होतं. नव्या मेयरचा असिस्टंट पहिल्याच दिवशी गोड बोलायला आला आणि सीमाबाईंची जीभ सुटली. मीनाक्षीकडच्या गणपतीचा फोटो तिने हौसेने पुढे केला. आरतीचं ताट चक्क जुन्या मेयरच्या हातात! आता, आलेल्या पाहुण्याच्या हाती आपण ताट देतोच. विरोधी पक्षाचा आला असता तर त्यालाही दिलं असतं. पण हे त्याला कोण समजावणार? त्याने फोटो मागून घेतला.

"गप्प बस यार," केस झाल्यावर तिचा नवरा, रवींद्र, म्हणाला होता. "तुझाही जॉब जाईल."

सीमा गप्प बसली. रोज दुपारी तळघरात जाऊन मीनाक्षीबरोबर डबा मात्र खात राहिली.

आज वकिलाच्या ऑफिसात, कोर्टाच्या तारखेआधी घेतात ती साक्ष होती. सीमाचं नाव मीनाक्षीनेच दिलं होतं, मैत्रीण म्हणून. शपथ झाली. प्रश्न आला: मेयरच्या माणसांना काही माहीत होतं का? त्या नवव्या मजल्यावर, गालिचा घातलेल्या खोलीत, सीमाला खण ओढल्याचा आवाज आला. तिला तो आता सहन होईना.

"हो," ती म्हणाली. "फोटो मी दिला."

मीनाक्षीचा वकील खूश होऊन भराभर लिहू लागला. केस आता हातात आली होती.

साक्ष ऐकून बाहेर आलेली मीनाक्षी लिफ्टपाशी थांबली होती. "फोटोचं सोड गं. मीही दाखवला असता. पण रोज माझ्यासमोर बसून जेवत होतीस, तेव्हा का नाही सांगितलंस?"

भीती वाटत होती, एवढंच खरं होतं. तेही सांगायची सीमाला भीती वाटली.