काथवटीला कंठ फुटला

कालिपाचं वागणं मला कधीच पटलं नाही. पाहुण्यांपुढे ही बाई लोण्यासारखी मऊ, आणि स्वतःच्या सुनेपुढे दगड. बावीस वर्षं तिनं त्या पोरीला माझ्यातलं सगळ्यात हलकं हाड वाढलं आणि त्याचं खापर फोडलं माझ्या चिरेवर. माझ्या! बाकी सगळं मी गिळलं असतं, हे नाही गिळणार.

मी एक जुनी काथवट, मांस वाढायची लाकडी परात आहे, मित्रांनो. अक्रोडाच्या एकसंध खोडातून कोरलेली, कुठे सांधा नाही की जोड नाही. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. हल्ली माझ्या पायाशी एक पाटी लावली आहे, तिच्यावर तीन भाषांत माझं कौतुक लिहिलंय म्हणतात. मला त्यातलं अक्षर लागत नाही. पण बायकांच्या पंगतीत कोणापुढे कोणतं हाड ठेवायचं, हे मला विचारा.

दूसमात नावाच्या कारागिरानं मला घडवलं. झाड पाडल्यावर दोन उन्हाळे त्यानं खोड सावलीत वाळवलं, घाई केली नाही. मग मला कोरलं, घासलं, आणि मेंढीच्या शेपटाची चरबी चोळचोळून मला अशी तकाकी आणली की घाटापलीकडून आलेल्या बुबुश-एनेनं एक गाभण घोडी देऊन मला नेलं. घोडी हो! तुमच्या घरातल्या कोणत्या भांड्यासाठी कोणी घोडी दिली आहे?

बुबुश-एने म्हणजे कालिपाची सासू. बुरणुसाच्या गोल तंबूत, दारासमोरच्या मानाच्या जागी ती बसायची आणि वाढायची. तिच्या घरची रीत अशी: शेपटाजवळचा चरबीदार तुकडा विहिणीला. खुब्याचं हाड घरातल्या थोरलीला. बरगड्या लेकींना. पुढच्या पायाची नळी, तिला आमच्याकडे दासीचं हाड म्हणतात, ती नव्या सुनेला. रुमाल पुढे ओढून तिनं ती निमूट चोखायची. पण तीच सून उद्या स्वतः सून घरात आणते, तेव्हा नळी नवीकडे जाते आणि जुनीपुढे येतं खांद्याचं मांसल हाड. बाईचं वय आमच्याकडे असं मोजतात. जिच्यापुढे खांद्याचं हाड आलं, ती त्या घरची झाली. जिच्यापुढे नाही आलं, ती राबणारी.

कालिपालाही नळी मिळाली होती आणि वेळ आल्यावर खांदाही मिळाला. बुबुश-एनेनं एक दिवसही उशीर केला नव्हता.

आता चिरेची गोष्ट ऐका. ती फक्त मला ठाऊक आहे.

अनारकान सून होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिसऱ्या आठवड्यात घरी मोठी पंगत झाली; बुबुश-एने तोवर अंथरुणाला खिळली होती आणि वाढप कालिपाकडे आलं होतं. पंगत उठल्यावर कालिपा म्हणाली, "हिचे हात म्हणजे बैलाचे खूर. काथवट मीच धुते." धुतली. आणि वाळायला मला कुठे उभं केलं? तापलेल्या चुलीला टेकवून! मग शेजारणीकडे गेली गप्पा चघळायला. ओल्या लाकडाला एका बाजूनं जाळ लागला की काय होतं ते दूसमातला विचारा. माझ्या पोटात काहीतरी ताणत गेलं, ताणत गेलं, आणि मी काठापासून मध्यापर्यंत तडकले. तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

कालिपा परतली. मला पाहिलं. चुलीकडे पाहिलं. मग ओरडली, "सुने! इकडे ये. हे काय करून ठेवलंस?"

मागे शेजारणी उभ्या होत्या. नव्या सुनेनं उलट बोलायचं नसतं.

"माझ्या सासूची काथवट!" कालिपा म्हणाली. "ही चीर मिटत नाही तोवर तुझ्यापुढे नळीच येईल. ऐकलंत ना गं सगळ्यांनी?"

लाकडाची चीर कधी मिटते का, मित्रांनो? लोहारानं दोन पट्ट्या ठोकल्या, एवढंच. कालिपाला हे पक्कं ठाऊक होतं.

बावीस वर्षं नळी. अनारकानला मुलगा झाला, तरी नळी; तिथवर रीतच होती म्हणा. गेल्या शरदात त्या मुलाचं, नूरबोलचं, लग्न झालं. ऐजामाल सून होऊन आली. पंगतीला नव्या विहिणी बसल्या होत्या, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. कालिपानं दोन नळ्या उचलल्या. एक ऐजामालपुढे ठेवली आणि दुसरी अनारकानपुढे. सासू आणि सून, दोघींपुढे एकच हाड! विहिणींनी एकमेकींकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या. ऐजामाल मात्र हुशार. आठवड्याभरात ती सासूला बसल्या जागेवरून सांगू लागली, "तेवढा चहा ओता ना." का नाही सांगणार? हाड तर सारखंच होतं.

लग्नात चिनी मातीची ताटं आली आणि मी गेले मागच्या खोलीत. माझ्यावर दह्याच्या गोळ्या वाळत घालत. मग तेही नको झालं, कोंबड्यांचे दाणे टाकू लागले. अक्रोडाचं खोड, एका घोडीचं मोल, आणि वर कोंबडी शिटते आहे. कोणी चरबीचं बोट लावलं नाही. मी आतून कोरडी पडत गेले.

तिथून मला उचललं अनारकाननंच.

ती जिल्ह्याच्या संग्रहालयात कामाला होती. आधी धूळ पुसायची. मग राजधानीत चार महिन्यांच्या शिक्षणाला गेली आणि परत आली ती वस्तूंना बोलतं करायची विद्या घेऊन. कालिपा म्हणायची, "माझी सून दगडांना गप्पा मारायला शिकवते, घरात मात्र मुकी." पण काथवट मागितल्यावर तिनं लगेच दिली. अट एकच घातली, "पाटीवर माझं नाव मोठ्या अक्षरात लिही."

संग्रहालयाचे साहेब, असान-बाइके, म्हणाले, "काचेत ठेवा. लोकांचे हात घाण असतात."

अनारकान म्हणाली, "बाइके, हिच्यावर सत्तर वर्षं हातच लागलेत. काचेत मरेल ती."

तेव्हापासून ती मला थोडी आवडू लागली. थोडीच.

तिनं मला आधी चरबी चोळली. मग प्रकाशाची एक पट्टी माझ्यावरून फिरवून माझं मापन् माप घेतलं. छताला एक कॅमेरा बसवला आणि प्रकाश टाकणारा दिवा. माझ्याभोवती जमिनीवर पाच जागा उजळायच्या: विहीण, थोरली, लेक, सून आणलेली सून, नवी सून. हाडं खोटी, पण वजनाला खरी, आणि प्रत्येकाच्या पोटात नखाएवढी चिप. मुलांनी हाड उचलून एखाद्या जागी ठेवायचं. बरोबर की चूक हे यंत्र ओळखणार.

पहिल्यांदा उत्तर पडद्यावर लिहून यायचं. शाळेतली मुलं आली, एकानंही वाचलं नाही. मग तिनं चुकलं की भोंगा वाजवला. झालं! भोंगा ऐकायला कार्टी मुद्दाम चुकू लागली. अनारकान दोन दिवस माझ्या काठावर हात ठेवून बसून होती. तिसऱ्या दिवशी असान-बाइकेंना म्हणाली, "हिला माणसाचा आवाज पाहिजे. वाढणाऱ्या बाईचा. कालिपा-आपांचा."

कालिपा रेशमी रुमाल बांधून आली, सोन्याचे दात दाखवत. मला मधे ठेवलं, माइक तिच्या तोंडाशी. असान-बाइके समोर बसलेले, राजधानीची दोन माणसं कानाला यंत्रं लावून. लाल दिवा लागला. सगळा मुलूख आपलं ऐकणार, या कल्पनेनं बाई कोंबड्यासारखी फुगली होती. प्रत्येक जागेची रीत सांगितली, चुकणाऱ्यांना काय सुनवायचं तेही सांगितलं. हसून हसून त्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग अनारकाननं कागदाकडे बघतच विचारलं, "आपा, सून आणलेल्या सुनेला कोणतं हाड?"

कालिपानं सुनेकडे पाहिलं, माझ्या चिरेकडे पाहिलं. लाल दिवा जळत होता. असान-बाइके मान पुढे काढून बसले होते, आणि त्यांची आई बुबुश-एनेच्या पंगतीला जेवलेली होती.

"खांद्याचं," कालिपा म्हणाली. "हे काय विचारणं झालं? खांद्याचंच."

"आणि कोणी नळी ठेवली तर?"

आता माघार कशी घेणार? उलट तिनं आवाज चढवला आणि काय काय सुनवलं!

"दुसऱ्यांदा चुकली तर?" ते सांगितलं. "तिसऱ्यांदा?" तेही सांगितलं, मांडीवर थाप मारून. अनारकाननं "आभारी आहे, आपा" म्हटलं आणि दिवा बंद केला. तिचा चेहरा चिनी मातीच्या ताटासारखा कोरा होता.

मित्रांनो, लोक मला विचारतात, तिनं हे योजून केलं का? उद्घाटनाला पाचही जागांवर खऱ्या बायका तिनंच बसवल्या. विहिणीला तिनंच गाडी पाठवली. गावोगावच्या म्हाताऱ्या तिनंच बोलावल्या. तुम्हीच ठरवा.

पुढे जाण्याआधी माझं मागणं ऐकून ठेवा, नंतर मला बोलायला जागा उरणार नाही. जुनं लाकूड धुवा, पण आगीशी नेऊ नका. महिन्याला चरबीचं बोट लावा. आणि चुकून तडकवलंत, तर ज्यानं तडकवलं त्यानं पुढे यावं. भांडी बोलत नाहीत, या भरवशावर राहू नका. आता ते दिवस गेले.

तर उद्घाटन. दिवाणखान्याएवढी खोली माणसांनी भरलेली. असान-बाइके म्हणाले, "आपा, पहिलं वाढप तुमच्या हातानं."

कालिपा माझ्यापाशी बसली. विहिणीला तिचा तुकडा दिला, स्वतःपुढे खुबा, लेकीपुढे बरगड्या. प्रत्येक वेळी मी तिच्याच आवाजात म्हणाले, "हं, जेवा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई खुलली.

चौथ्या जागेवर अनारकान बसली होती, तिच्या पलीकडे पाचव्या जागेवर ऐजामाल. अनारकानचा साधा निळा रुमाल, हात मांडीवर.

कालिपाचा हात माझ्यावर थांबला. मला तो हात पाठ आहे. त्यानं खांद्याच्या हाडाला स्पर्श केला, मागे सरला, आणि नळी उचलली. सवय म्हणा, खुन्नस म्हणा. तिनं नळी अनारकानपुढे ठेवली.

मी बोलले, "अगं, डोळे फुटले का? ही सून आणलेली बाई आहे. नळी काढ."

खोलीत हशा पिकला. लोकांना वाटलं, खेळच असा आहे. कालिपाही हसली. "बघा, मीच माझी चूक काढते!" नळी उचलली, आणि इरेला पेटून पुन्हा तिथेच आपटली.

मी बोलले, "पुन्हा तेच? जिच्या घरात सून आली तिच्यापुढे दासीचं हाड ठेवणारी स्वतःच दासीच्या पोटची असणार."

या वेळी कोणी हसलं नाही. विहीण आपल्या तुकड्याकडे बघत राहिली. मागे एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "खरंच की. नातवाच्या लग्नात हिनं नळीच वाढली होती अनारकानला. मी होते तिथे."

कालिपाचे कान लाल झाले. दात आवळून ती म्हणाली, "सुने, बंद कर ते."

"बंद करायचं बटण नाही, आपा," अनारकान म्हणाली. बटण तिच्या मांडीखाली होतं. "बरोबर हाड ठेवलं की आपोआप गप्प होतं."

"लोक बघतायत गं."

"तेव्हाही बघत होते, आपा."

कालिपानं खांद्याचं हाड उचललं. अनारकानच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढं एकदाच मी पाहिलं. बावीस वर्षं ती ज्याची वाट पाहत होती, ते हाड तिच्यापासून वीतभर दूर होतं, खोटं का असेना. तिचे तळहात उघडे झाले.

कालिपानं तिच्या डोळ्यांत पाहिलं. आणि हाड तिच्या उघड्या तळहातांवरून पलीकडे नेऊन ठेवलं, ऐजामालपुढे.

अनारकाननं तळहात मिटले. बटणाला हात लावला नाही.

मग सगळ्या मुलखादेखत, कालिपाच्याच कंठानं, तिनं मांडीवर थाप मारून सांगितलेलं तिसरं बोलणं मी तिला ऐकवलं:

"तीनदा सांगितलं, तीनदा चुकलीस. तुझ्या हाताला माप नाही, बाई. काथवटीवरचा हात काढ. ऊठ इथून, दाराशी चपलांजवळ जाऊन बस, आणि वाढायचं काम सुनेला दे."