दुखणं वर सरकलं

औंढ्याजवळच्या पंचफुलाबाईंचा उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत ठणकायचा. शेळीची धार काढताना बोटांना मुंग्या यायच्या. शेवटी सून सत्यशीला त्यांना हिंगोलीला फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नेऊ लागली. तिथल्या पुनम मॅडम हाताऐवजी मानेलाच पट्टा लावून ताण द्यायच्या आणि हनुवटी मागं घेण्याचा व्यायाम करून घ्यायच्या.

"दुखून राहिला हात, अन् ह्या मानंलाच काहून धरून बसल्या?" बाई सुनेला विचारायच्या.

"मानेतली नस दबली की हात दुखतो, मावशी," मॅडम सांगायच्या.

काही आठवड्यांनी मुंग्या गेल्या, कोपरही हलकं झालं. पण आता मान दुखू लागली. बाई घाबरल्या.

"तकलीफ वर चढून राहिली. उद्या डोक्यात गेली तर?"

मॅडम हसल्या. "दुखणं हातातून मानेकडं परतलं, म्हणजे नस मोकळी होतेय. चांगलं लक्षण आहे."

दुखतंय तरी चांगलं, हे बाईंना काही केल्या उमगेना. संध्याकाळी त्यांनी शेळीची धार काढली. बोटं जराही अडली नाहीत, मान मात्र ठणकत होती.

"आत्याबाई, आता बरं हाय का?" सत्यशीलानं विचारलं.

बाईंनी मान चोळत दुधाचं भांडं तिच्या हाती दिलं. मग म्हणाल्या, "हात बरा हाय. मी बरी हाय का नाही, ते मॅडमलाच विचार."