दोन निळी झाकणं

लहान मुलांच्या वॉर्डातली ड्यूटी संपवून घरी आली की शिखा आधी युनिफॉर्मचा खिसा रिकामा करायची. इंजेक्शनच्या बाटलीवरचं प्लास्टिकचं झाकण अंगठ्याने उडवलं की ते खिशात टाकायचं, ही तिची वर्षभराची सवय. विजयाबाई, तिची आई, ती रंगीत झाकणं ओवून गौरींसाठी तोरण करत होत्या. दाना ओली या गल्लीतल्या घराच्या खिडकीत त्यासाठी एक बरणीच ठेवलेली होती.

आज दुपारी अडीच वाजता तिने आईच्या हातावर झाकणं ओतली. एक लाल, तीन पांढरी, दोन निळी.

"हिरवं नाही आज?" विजयाबाईंनी विचारलं. "रोज एक तरी हिरवं आणतेस. मी पानांसाठी धरून बसले होते."

शिखा हसायला गेली आणि हसू तसंच राहिलं.

हिरवं झाकण अमिकासिनच्या शंभर मिलिग्रॅमच्या बाटलीचं. निळं पाचशेच्या बाटलीचं. बाटल्या एकाच उंचीच्या, दोन्हींत औषध दोनच मिली. तान्ह्या बाळासाठी शंभरची घ्यायची, तिच्यात आठ मिली सलाइन मिसळून दहा करायचे, म्हणजे एका मिलीत दहा मिलिग्रॅम येतं. चार नंबरच्या खाटेवरचं बाळ सहा दिवसांचं, दोन किलो आठशे ग्रॅमचं. त्याला बेचाळीस मिलिग्रॅम, म्हणजे चार पूर्णांक दोन मिली. गणित चोख होतं. पण बाटलीच पाचशेची असेल, तर तेवढ्याच मिलीत पाचपट औषध जाणार होतं. हे औषध जास्त झालं की आधी मूत्रपिंडं आणि कान धरतं. सिरिंजकडे बघून काही कळत नाही. दोन्ही वेळा आत पाण्यासारखंच स्वच्छ दिसतं.

एक निळं झाकण नऊ नंबरच्या मोठ्या मुलाचं. त्याला सकाळी पाचशेच द्यायचं होतं. मग दुसरं कुणाचं?

"लेबल वाचलं असशीलच की," शिखाने घाईघाईत सगळं सांगितल्यावर आई म्हणाली.

शिखाने डोळे मिटून आठवून पाहिलं. सुईचं टोक आठवलं, बुडबुडा काढायला मारलेली टिचकी आठवली, सिरिंजवरच्या चिकटपट्टीवर लिहिलेलं ४.२ आठवलं. लेबल आठवेना. वर्षभर आपण लेबल वाचतो असं ती समजत होती. प्रत्यक्षात हात ठरलेल्या खणातून सवयीनेच बाटली उचलत होता.

त्यात वॉर्डाची रीत. जाणाऱ्या शिफ्टने तीन वाजताच्या सिरिंज भरून, पट्ट्या चिकटवून ट्रेमध्ये ठेवायच्या, म्हणजे येणारीची धांदल होत नाही. वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या सिस्टर पद्माताईंनी पंधरा वर्षांपूर्वी ती पाडली होती, आणि आज येणारी शिफ्ट त्यांचीच होती. पट्टीवर खाटेचा नंबर, औषध आणि मिली. बाटली केवढ्याची होती, हे लिहायची पद्धत नव्हती.

तिने पद्माताईंना फोन लावला. तो लॉकरमध्ये वाजत असणार. वॉर्डाचा फोन एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज.

"अगं, जेवून तरी जा!" आई जिन्यावरून ओरडली, तोवर ती गल्लीच्या तोंडाशी होती.

ई-रिक्षा नया बाजारात अडकली. पुढे एका हातगाडीवरून कापडाच्या गाठी उतरत होत्या आणि उतरवणारे निवांत होते.

"भैया, निकालो ना कहीं से!"

"उड़ा के ले जाऊँ क्या, सिस्टरजी?"

दोन बेचाळीस झाले. तिने वॉर्डाला फोन लावला. एंगेज. डाव्या हातात निळी झाकणं होती. ती एकमेकांवर घासत तिने मनात पाचपटीचा गुणाकार करून पाहिला. बेचाळीसचे दोनशे दहा. कितीही वेळा केला तरी दोनशे दहाच. काल मात्र हिरवं होतं, परवाही होतं. बरणीत होती ती. म्हणजे प्रश्न आजचाच. दोन सेहेचाळीस. ती उतरली, झाकणं खिशात टाकून पैसे दिले आणि पळत सुटली.

वॉर्डाचा जिना चढताना घड्याळात तीनला चार कमी होते. चार नंबरच्या खाटेशी पद्माताई उभ्या होत्या. हातात सिरिंज, बाळाच्या इवल्या हातावरच्या नळीचं टोपण उघडलेलं.

"ताई, थांबा! लावू नका!"

पद्माताईंचा हात जागीच थांबला. "काय गं, घर में खाना नहीं बना क्या? परत कशी आलीस?"

"बाटली कुठली होती, मला आठवत नाहीये. शंभर की पाचशे."

"पट्टीवर तूच लिहिलंयस ना चार पूर्णांक दोन?"

"मिली लिहिलेत. बाटली नाही लिहिली."

पद्माताईंनी टोपण बंद केलं. दोघी कपाटापाशी गेल्या. शंभरच्या खणात आज नवीन कंपनीचा माल आला होता आणि त्यांची झाकणं निळी होती. शिखाच्या छातीतलं ओझं उतरू लागलं. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक बाटली तिने फिरवून वाचली. पाचशे. शंभरच्या खणात, तसंच निळं झाकण घालून, निमूट उभी. रिकाम्या बाटल्यांचा डबा सफाईवाली सव्वादोनलाच घेऊन गेली होती.

"बघ, खणात नऊ शंभरच्या, एकच पाचशेची," पद्माताई म्हणाल्या. "तू शंभरचीच घेतली असशील. नाइंटी परसेंट. वर बारा पोरं आहेत माझ्या डोक्यावर."

"दहापैकी एक कमी नाही, ताई."

"मग काय करतेस?"

शिखाने सिरिंज घेतली आणि आतलं सगळं फेकून दिलं. मग ट्रेमध्ये आपल्या हातच्या आणखी पाच सिरिंज होत्या, त्याही रिकाम्या केल्या. पद्माताई बघत राहिल्या.

"वा! पंधरा साल में किसी ने मेरी ट्रे खाली नहीं की." त्यांचा आवाज चढला होता. "आता भर सगळ्या. मी नाही भरणार."

"भरते. पण तुम्ही वाचा. मोठ्याने."

पद्माताईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला. त्या कुरकुरत होत्या, पण बाटली हातात घेऊन वाचत होत्या. "अमिकासिन. शंभर मिलिग्रॅम. दोन मिली. एक्स्पायरी वाचू की तीही तुझ्या भरवशावर सोडू?"

"वाचा."

शिखाने सलाइन मिसळलं, दहाच्या रेघेशी डोळा नेऊन पुन्हा पाहिलं, चार पूर्णांक दोन वेगळे काढले आणि रिकामी बाटली पट्टीनेच सिरिंजला बांधली.

तीन वाजून अकरा मिनिटांनी औषध हळूहळू आत जाऊ लागलं. अर्धा तास लागणार होता. बाळाची आई, सीमंतिनी, उशाशी बसून सगळं पाहत होती.

"सिस्टर, ते आधीचं फेकलंत. वाईट होतं का काही त्यात?"

पद्माताईंनी शिखाकडे डोळे मोठे केले. औषध खराब होतं असं सांगितलं असतं तर विषय तिथेच संपला असता.

"माहीत नाही," शिखा म्हणाली. "भरणारी मीच होते. बाटलीवरचं वाचल्याचं मला आठवेना, म्हणून फेकलं."

सीमंतिनीने बाळाच्या अंगावरचं दुपटं उगाच सारखं केलं. मग हात लांब करून सिरिंजला बांधलेली बाटली स्वतःकडे वळवली आणि ओठ हलवत त्यावरचे आकडे वाचू लागली.

शिखा तिला बाटली नीट दिसेल अशी धरून उभी राहिली. तिचा दुसरा हात खिशात गेला होता, आणि आतली दोन निळी झाकणं वाजतच होती.