कच्च्या टाक्यांचा खिसा

पिस्तूल घ्यायचा हट्ट माझा होता, हे आधीच सांगून टाकते. ओळखीतल्यांना वाटतं, घाबरलेल्या माझ्या नवऱ्याचंच डोकं फिरलं असेल. तसं नाही. माझं फिरलं होतं.

माझ्या नवऱ्याचं औषधांचं दुकान आहे. दुपारी जेवायच्या वेळी तो शटर अर्धं खाली ओढतो आणि आत एकटाच बसून डबा खातो. अशाच एका दुपारी एक माणूस शटरखालून वाकून आत शिरला, त्याने नवऱ्याच्या गळ्याला सुरा लावला आणि गल्ला रिकामा करून निघून गेला. नवऱ्याला साधं खरचटलंही नाही. पण त्या दिवसापासून त्याचा डबा अर्धा परत यायला लागला. शटर जरा वाजलं की हातातला घास हातातच राहायचा. चोर काही सापडला नाही. मी महिनाभर वाट पाहिली आणि मग म्हटलं, पुरे झालं, आता पिस्तूल. अर्ज मी भरले, कचेरीत खेटे मी घातले. परवाना आला, पिस्तूल पसंत केलं, पुढच्या सोमवारी ते आणायचं ठरलं.

राहता राहिला ते ठेवायचा खिसा. दुकानात तो पांढरा कोट घालतो, आणि त्याचे कोट शिवते माझी नणंद.

नणंद त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. तोंडात टाचण्या धरून बोलते, त्यामुळे तिचं बोलणंही टोचतच बाहेर येतं. मी लावलेलं बटण दिसलं की ती ते माझ्यासमोर उसवून पुन्हा लावते. पण शिवणात तिचा हात धरणारं कुणी नाही, हे मी तेव्हाही मानत होते, फक्त तिला ऐकू जाईल असं कधी बोलले नाही. तिची एक पद्धत आहे. कपडा ज्या कामासाठी शिवायचा, ते काम अंगावर करून पाहिल्याशिवाय ती पक्की शिलाई घालत नाही. एका बँडवाल्याला तिने कच्च्या टाक्यांच्या कोटात, तिच्या खोलीत, पोटातला सगळा वारा काढून बाजा फुंकायला लावला होता. वरच्या मजल्यावरचे लोक भांडायला खाली आले. कोट मात्र काखेत उसवला नाही.

आम्ही पिस्तुलाचं सांगितलं तेव्हा ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. तिने विचारलं एवढंच की भरल्यावर त्याचं वजन किती. किलोभर, नवरा म्हणाला. बेतताना कापड सरकू नये म्हणून ती त्यावर लोखंडाचे ठोकळे ठेवते. त्यातला एक तिने हातात तोलून पाहिला, जाड कापडात गुंडाळला आणि कोटाला नुकत्याच टाचलेल्या आतल्या खिशात घातला. एका अंगाला एवढं वजन म्हणजे कोट खांद्यावरून ओढला जाणार, तेव्हा आठ दिवस असाच वापर, असं तिने भावाला सांगितलं. "आणि जेव्हा जेव्हा पिस्तूल काढावंसं वाटेल, तेव्हा हे काढ. हात अडकतो का ते कळलं पाहिजे."

घरी येताना मी नाक मुरडलं. पण पहिले दोन दिवस डबा अगदी चाटूनपुसून परत आला. नुसत्या ठोकळ्याने एवढा धीर, मग खऱ्या पिस्तुलाने काय होईल, असं मला वाटलं. मी खूश होते.

सहाव्या दिवशी नवरा चष्मा घरी विसरला. मुलीची शाळा लवकर सुटली होती, म्हणून तिला घेऊन मी दुपारीच चष्मा द्यायला दुकानावर गेले. मुलगी माझ्यापुढे पळाली आणि शटरखालून आत घुसली. मागोमाग मी वाकले तर खुर्ची आडवी पडलेली आणि नवरा हात ताठ करून उभा. हातातला लोखंडी ठोकळा बरोबर मुलीच्या तोंडासमोर.

"बाबा, हे काय?" असं म्हणून ती हसली.

त्याला हात खाली घेता येईना. त्याची बोटं मी एकेक करून सोडवली.

आठव्या दिवशी नणंदेने कोट उजेडात धरला. खांद्याकडे तिने पाहिलंच नाही. खिशाच्या तोंडाशी टाके सुटून दोरे लोंबत होते, त्यावरून तिने बोट फिरवलं.

"आठ दिवसांत एवढं सैल? हात किती वेळा गेला रे?"

नवऱ्याने सांगितलं. गोळ्या बदलून मागणारा एक जण आवाज चढवून बोलला तेव्हा. एका म्हाताऱ्याने चिठ्ठी काढायला खिशात हात घातला तेव्हा. विजेच्या मीटरवाला न विचारता आत आला तेव्हा. "आणि एकदा आपल्या पोरीवर," तो म्हणाला.

मला राग आला, कुणाचा ते कळत नव्हतं, म्हणून तो नणंदेवर काढला. विचारलं, आणि खरंच चोर आला असता तर? ती माझ्याशी नाही, भावाशी बोलली.

"खरा आला होता तेव्हा तू काय केलंस?"

"गल्ला उघडून दिला."

"आणि संध्याकाळी घरी आलास."

तिने कात्री घेतली आणि खिसा उसवून काढून टाकला. टाके कच्चेच होते, दोन मिनिटांत निघाले. मी विचारलं, ताई, तुम्हाला हे आधीच माहीत होतं ना? तोंडातल्या टाचण्या काढून ती म्हणाली, "माहीत असतं तर ट्रायल कशाला घेतली असती?"

या बाईसमोर मी मनातल्या मनात हात जोडले. तिने वाद घातला नाही, उपदेश केला नाही, मला मूर्खात काढायची संधी आयती चालून आली होती तीही घेतली नाही. सोमवारी आम्ही पिस्तूल आणलं नाही. मंगळवारी दुपारी ती हातमशीन रिक्षात घालून दुकानात आली, काउंटरच्या टोकाला मांडून बसली आणि म्हणाली, इथे उजेड बरा आहे. तिथे उजेड अजिबात बरा नाही. तेव्हापासून ती रोज दुपारी येते, आणि डबा हळूहळू रिकामा होऊन परत यायला लागला आहे. भीती गेली असं नवरा म्हणत नाही.

मुलगी अजूनही शाळा लवकर सुटली की दुकानात जाते. पण आता ती शटरबाहेर थांबते, "बाबा, मी आहे" असं मोठ्याने सांगते आणि मगच वाकते. असं करायला तिला आमच्यापैकी कुणीही शिकवलेलं नाही.