घेणारं कुणीतरी

आज दुपारी मला वर्गावर उभं राहायचं होतं. बाळंतपणाची रजा संपली होती आणि आज रुजू झाले नाही तर माझी जागा दुसऱ्या कुणाला देणार, असं कॉलेजनं स्पष्ट कळवलं होतं. इकडे आमचा भुंगा बाटलीला तोंड लावायला तयार नव्हता.

सासरे शिंपी. त्यांनी मशीनची सुई काढून ठेवली, नातवाला मांडीवर घेतलं आणि नुसतंच पायडल मारत बसले. मांडीचा पाळणा झाला, पण भुंगा माझ्याकडे बघून टाहो फोडत होता.

"पी रे राजा! गावभर सगळ्यांची मापं मी घेतो, आणि तू माझंच घेतोस होय?"

मग मी पडद्याआड जाऊन पलंगावर टेकले आणि धडा चाळू लागले. आम्ल प्रोटॉन देतं, आम्लारी तो घेते. घेणारं कुणी नसेल तर देणंही होत नाही. रात्रभराचं जागरण, अक्षरं पाण्यावर तरंगायला लागली.

एवढासा उघडा प्रोटॉन. अंगावर एक इलेक्ट्रॉनसुद्धा नाही. पाण्यात तो क्षणभरही एकटा राहत नाही. पाण्याचा एक रेणू त्याला कडेवर घेतो, "धर गं जरा," म्हणत शेजारणीकडे देतो, ती पुढचीकडे. सगळी आळी निळसर, ओली, हसरी. आळीच्या टोकाला एकजण नुसती उभी होती. तिनं हातही पुढे केले नव्हते, तरी तो सगळ्यांच्या कडेवरून निसटून तिच्याकडेच धावत सुटला. तिचा चेहरा माझा होता.

दचकून जागी झाले. एवढी ओढ असलेली मी इथंच बसल्यावर आजोबांच्या वाट्याला तो येणार कसा?

"बाबा, मी निघतेच."

"मघापासून तेच सांगतोय, पोरी! तू पडद्यामागं लपलीस तरी त्याला तुझा वास येतोच."

जिना उतरताना रडणं वाढतच गेलं. ब्लाऊज ओला झाला. मी पर्स छातीशी धरली. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानाशी पोचले आणि रडणं एकदम थांबलं. वरून फक्त मशीनची संथ खडखड येत होती. प्यायला लागला, की रडून दमला?

सासरे खिडकीतून ओरडले, "ओढतोय गं, चांगला ओढतोय! आता वर बघू नकोस, जा!"

जीव भांड्यात पडला. आणि खरं सांगते, थोडा दुखावलाही.

वर्गात फळ्यावर समीकरण लिहिलं. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, प्रोटॉन देऊन टाकल्यावर देणाऱ्याचं काय होतं?"

"त्याच्यात जागा होते. मग तोच घेणारा होतो."

मी दोन्हीकडे जाणारे बाण काढले.

"मॅडम, परतीचा बाण जास्त लांब झालाय."

"असू दे," मी म्हटलं.