क्लिफर्डच्या खुर्चीवरची अकरा वर्षं

मित्रांनो, फुटबॉलच्या मैदानावर मी साठ वर्षं काढली, पण आजवर एकही गोल पाहिलेला नाही. हसू नका. ब्रॅकनशॉ टाउन क्लबच्या पूर्वेकडच्या स्टँडमध्ये 'के' नावाची रांग आहे, त्या रांगेतली सदतीस नंबरची जुनी लाकडी खुर्ची म्हणजे मी. माणूस बसला की मी उघडते आणि त्याच्या कोटाखाली झाकली जाते. गोल झाला की माणूस ताडकन उठतो, मी फटकन मिटते, आणि माझं तोंड माझ्याच पाठीला चिकटतं. म्हणजे ज्या क्षणासाठी एवढी माणसं येतात, नेमका तोच माझ्या नशिबात नाही.

पण मला सगळं कळतं, वजनावरून कळतं. पेनल्टी असली की माणूस पुढे सरकतो आणि माझी कड घट्ट धरतो. आपला गोलरक्षक चुकला की धपकन मागे टेकतो. जिंकायला आलो की तो बसलेला असूनही मला हलका लागतो. इतक्या वर्षांत माझा अंदाज फारसा चुकलेला नाही.

गावातली कापडगिरणी बंद पडली तेव्हा तिच्या मजल्याच्या फळ्या काढून आम्हाला घडवलं होतं. रंधा मारणारा सुतार मोठा शिवराळ होता, पण हात देवाचा. काम झाल्यावर तो प्रत्येक खुर्चीवर एकदा बसला, नुसताच बसला, समोरच्या रिकाम्या गवताकडे बघत. मग शिट्टी वाजवत निघून गेला.

आठवडाभर मी मिटलेली असते, आणि मिटलेल्या खुर्चीला स्वप्नांशिवाय दुसरा उद्योग नसतो. टेकड्यांवरून धुकं उतरतं, मैदानावर पसरतं आणि एकेक रांग करत वर चढतं. मला वाटायला लागतं की माणसंच येताहेत, आवाज न करता, आपापले नंबर शोधत. माळीबुवा गवत कापतात तो वास स्वप्नात मिसळतो. स्वप्नात कायम शनिवारची दुपार असते.

आणि स्वप्नात कायम क्लिफर्ड असायचा.

क्लिफर्ड होल्डन गिरण्यांमधली यंत्रं दुरुस्त करायचा. एकोणतीस वर्षं तो माझ्यावर बसला. भारदस्त, ऊबदार माणूस! संघ हरायला लागला की टाचेनं जमिनीवर ठकठक करायचा, आणि फारच हरायला लागला की मध्यंतरातच घरी जायचा. हंगामाचा पास त्यानं एकदाही चुकवला नाही. मग एका नोव्हेंबरात तो आजारी पडला आणि गेला.

पुढच्या शनिवारी माझ्यावर कोणीतरी बसलं. इतकं हलकं की मी नीट उघडलेसुद्धा नाही. ती त्याची बायको होती, विनिफ्रेड. विनी. ती पास परत करायला आली होती, पण सामन्याआधी कचेरीची खिडकी बंद. "सामना संपल्यावर देईन," असं ती शेजारच्या पर्सीला म्हणाली. पर्सी निवृत्त पोस्टमन, छत्तीस नंबरवाला. सामना संपल्यावर ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी देईन." असे अकरा हंगाम गेले, मित्रांनो.

मेलेल्या माणसाचा पास दुसऱ्याला वापरता येत नाही, तो खुर्चीसकट क्लबकडे परत जातो असा नियम. नियम सगळ्यांना ठाऊक, म्हणून सगळ्यांनी मिळून एक तोडगा काढला. विनी दरवर्षी क्लिफर्डच्याच नावानं पास काढायची. फाटकावरचा माणूस पासावरचं नाव वाचायचा, विनीच्या लाल टोपीकडे बघायचा आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "या, क्लिफर्डराव." रांगेतही तेच.

"काय क्लिफर्डराव, गुडघा काय म्हणतोय?"

"कुरकुरतोय. तुझ्यासारखाच," असं विनी म्हणायची आणि पर्सीपुढे पेपरमिंटची पुडी धरायची.

सगळे हसायचे. मलाही गंमत वाटायची. खरं सांगू? मीसुद्धा त्यांच्यातलीच होते. ती बसली की मी तिच्यात त्याचं वजन शोधायची, आणि सापडलं नाही की रुसायची. ती भिजत आली, खोकत आली, संघ आठ गोलांनी हरला त्या दिवशी शेवटपर्यंत बसून राहिली. आणि मी? मी मिटले की क्लिफर्डचं स्वप्न बघायची. अकरा वर्षं मी तिला पाहुणी समजले. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

दरम्यान स्टँड ओस पडत चालला होता. म्हातारी माणसं एकेक करून कमी झाली, नवी येईनात. माझ्या पलीकडची अडतीस नंबरची खुर्ची दोन वर्षं रिकामीच होती. तिचा माणूस समुद्राकाठी मुलीकडे राहायला गेला, तेव्हापासून तिची बिजागरी गंजली आणि स्वभावही.

मग क्लबनं टॅमसिन नावाची एक तरुण मुलगी नेमली. पोरगी चटपटीत आणि मनापासून काम करणारी. तिनं दोन गोष्टी ठरवल्या. ज्यांनी सलग चाळीस वर्षं पास काढला, त्यांच्या खुर्चीवर नावाची पितळी पाटी लावायची आणि त्यांना मध्यंतरात मैदानावर बोलावून टाळ्यांनी मान द्यायचा. आणि जेवढ्या खुर्च्या रिकाम्या आहेत, तेवढ्यांना पिवळी फीत बांधायची. ठरलेल्या शनिवारी नव्या माणसांनी यायचं, आवडेल त्या फितीच्या खुर्चीवर बसायचं, की पहिल्या वर्षी ती त्यांची, अर्ध्या किमतीत.

चाळीस वर्षंवाल्यांत क्लबच्या वहीत नाव निघालं क्लिफर्ड होल्डन.

क्लिफर्डला मैदानावर बोलावणारं पत्र आलं तेव्हा विनी ते रांगेत घेऊन आली.

"जाऊच नकोस," पर्सी म्हणाला. "मी सांगतो टॅमसिनला, क्लिफर्डला सर्दी झालीय म्हणून. पाटी लागेल, जागाही राहील. कशाला उगाच पायावर धोंडा पाडून घ्यायचा?"

"आणि खरं सांगितलं तर?"

"तर पास रद्द, आणि या खुर्चीला पिवळी फीत. मग बस घरी रेडिओ ऐकत."

विनीनं पत्राची घडी करून ते पिशवीत ठेवलं. तिला ती पाटी हवी होती, मित्रांनो. माझ्या पाठीवर त्याचं नाव बघायची हौस होती तिला. आणि मला म्हणाल तर, मी नुसत्या कल्पनेनंच फुलून गेले होते.

बुधवारी दुपारी रिकाम्या स्टँडमध्ये पावलं वाजली. पुढे टॅमसिन, तिच्या पिशवीत पाट्या आणि स्क्रू खुळखुळत होते. मागे विनी. विनी माझ्यावर बसली, अगदी कडेला.

"बघा होल्डनबाई, काय चकाकतेय!" टॅमसिन म्हणाली. "'क्लिफर्ड होल्डन, चाळीस वर्षं.' शनिवारी येतील ना ते? पर्सीकाका म्हणाले सर्दी झालीय."

"सर्दी नाही गं झाली त्याला," विनी म्हणाली. "अकरा वर्षांपूर्वी गेला तो."

टॅमसिनच्या हातातला स्क्रू पडला आणि पायऱ्यांवरून टणटणत खाली गेला.

"मग पासावर कोण येतं?"

"मी येते."

"बाई..." टॅमसिनचा आवाज एकदम बारीक झाला. "मी हे ऐकलं नाही असं समजूया का? मी पाटी लावते आणि जाते. कोणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल ना! चाळीस खोटं आहे. एकोणतीस त्याची, त्यातलं एकही मी कमी करणार नाही. पण पुढची अकरा माझी आहेत. आठ गोल खाल्ले तेव्हा कोण बसलं होतं इथे? तो मध्यंतराला उठून गेला असता! खालच्या गटात ढकलले गेलो तेव्हा रडलं कोण? मी रडले. नाकातून पाणी येईपर्यंत रडले. माझा फार जीव होता गं त्याच्यावर. पण माझी वर्षं मी त्याला नाही देणार."

माझ्या फळीतून काहीतरी सरकन गेलं. साठ वर्षांच्या लाकडाला भेग पडते तेव्हा असंच होत असावं.

"खरं लिहिलं तर मला पास रद्द करावा लागेल," टॅमसिन म्हणाली. "एकासाठी नियम वाकवला तर उद्या..."

"वाकवू नकोस. लिही."

ती उठली आणि मी मिटले. पुढच्या आठवड्यात माझ्या पाठीला पिवळी फीत बांधली गेली.

फितीच्या खुर्चीवर ठरलेल्या शनिवारपर्यंत कोणी बसायचं नव्हतं, म्हणून त्यानंतर घरच्या मैदानावर तीन सामने झाले आणि तिन्ही वेळा मी मिटलेलीच राहिले. मैदानावर पाऊस पडत होता, लोक ओरडत होते, पर्सी एकटाच पेपरमिंट चघळत होता. मी डोळे मिटून क्लिफर्डला बोलावलं. नेहमीसारखं धुकं आलं, रांगांमधून वर चढलं, पण त्यातून तो आला नाही. लाल लोकरी टोपी आली. एक हलकं, कडेला बसणारं, हरतानाही न उठणारं वजन आलं. अगं बाई, मी स्वतःशी म्हणाले, इतकी वर्षं ही होती तर!

नव्या माणसांचा शनिवार उजाडला. विनी पहाटेच फाटकाशी जाऊन रांगेत पहिली उभी राहिली होती, असं पर्सीनं येताच सगळ्यांना सांगितलं. वहीप्रमाणे आता ती नवीनच होती, मग नव्यांच्या रांगेतून यायला तिला कोण अडवणार? माझ्यावर दुसरं कोणी बसू नये म्हणून पर्सीनं आपली टोपी माझ्यावर ठेवली आणि पहारेकऱ्यासारखा बसला.

पावलं आली. ती विनीची नव्हती.

"ही रिकामी आहे का हो?" एक बाई विचारत होती. ती नसरीन, बारा नंबरची बस चालवणारी. स्टँडच्या मागच्या थांब्यावर सहा वर्षं तिची बस उभी राहायची, हे नंतर कळलं.

पर्सीनं तोंड उघडलं. 'नाही' एवढं एकच म्हणायचं होतं. पण या गावच्या माणसांना तोंडावर कोणाला नाही म्हणता येत नाही, हा इथला जुनाच आजार आहे. त्यानं टोपी उचलली, फीत सोडली आणि म्हणाला, "हो हो, बसा ना!"

आणि नसरीन बसली. भरभक्कम, ऊबदार. मी पूर्ण उघडले.

पाच मिनिटांनी धापा टाकत विनी आली.

"तू पहिली होतीस ना?" पर्सी जवळजवळ ओरडलाच.

"होते रे. पण मागे एक काठीवाली बाई होती, तिला म्हटलं तुम्ही जा. मग तिचा नवरा. मग दोन लेकुरवाळ्या..." आणि तिचं बोलणं थांबलं. तिनं मला पाहिलं होतं.

"मी माती खाल्ली, विनी," पर्सी म्हणाला. "अकरा वर्षं तुझ्यासाठी खोटं बोललो, आणि आज एक 'नाही' तोंडातून निघेना."

नसरीननं दोघांकडे पाहिलं. "तुमची जागा आहे का ही, आंटी? मी उठते. मला काय, कुठेही चालेल. सहा वर्षं बाहेरून नुसता आवाज ऐकलाय. तुम्ही ओरडलात की माझी बस थरथरते. म्हटलं, एकदा आत जाऊन बघावं की आहे तरी काय."

माझ्या मनात एकच होतं: उठव तिला. मला तुझं नाव आता माहीत आहे.

"बस गं तू," विनी म्हणाली. "इथून उजवीकडचा गोलपोस्ट छान दिसतो."

आणि ती अडतीस नंबरवर बसली. ती गंजकी खुर्ची केवढ्यानं कण्हली! पण उघडली. विनीनं आपला हात माझ्या पाठीवर टाकला आणि सामना संपेपर्यंत तिथेच ठेवला. शेवटच्या मिनिटाला आमचा गोल झाला. नसरीन किंचाळत उठली, मी फटकन मिटले, तरी तो हात माझ्या पाठीवर होता.

मित्रांनो, मला तुमच्याकडून रंग नको की तेल नको. तुमच्या शेजारी येऊन जो निमूटपणे बसतो, ऊन म्हणत नाही की पाऊस म्हणत नाही, त्याला त्याच्या स्वतःच्या नावानं हाक मारा. तो समोर आहे तोवर मारा. आणि दारात कोणी नवं उभं असेल तर थोडं सरका.

हंगाम संपताना टॅमसिन पुन्हा पाट्या घेऊन आली. क्लिफर्डची पाटी, एकोणतीस वर्षांची, तिनं माझ्या पाठीवर ठोकली. नियमात बसत नव्हती, पण ठोकली. मग अडतीस नंबरपाशी थांबून तिनं विचारलं, "होल्डनबाई, तुमच्या नावापुढे किती वर्षं कोरू? अकरा की एक?"

"नुसतं विनिफ्रेड होल्डन लिही," विनी म्हणाली. "आकडा घालू नकोस. मी अजून येतेय."