तळ्यातली पिल्लं अन् जावयाची सतरंजी

आमच्या बुढ्याले, म्हंजे माह्या नवऱ्याले, अक्कल नाई, हे मी भर पंगतीत बोलली अन् आजही बोलते.

आमचा संत्र्याचा बगीचा डोणगावाजवळ. त्यात शेततळं, त्याले काळी प्लास्टिकची पन्नी हातरलेली. त्या पन्नीवर पाय ठरत नाई. मागल्या साली किसनरावाचं वासरू त्यात पडलं अन् चढता चढता थकून बुडालं. तवा म्या जुनी पोती शिवून काठावरून पाण्यात सोडली, पडलं त्याले चढता यावं म्हणून. औंदा बांधावरच्या गवतात रानबदकीनं अंडी घातली, तवा पोती हायेत म्हणून मले लई बरं वाटलं होतं.

अन् या बुढ्यानं काय करावं? महालक्ष्मीच्या जेवणाले मलकापूरचे जावई येतीन, तळ्यावर फोटो काढतीन, फाटकी पोती बरी दिसत नाई म्हणून काढून फेकली! मले इचारलं बी नाई, सांगतलं बी नाई.

नेमकी जेवणाच्या दिवशीच पिल्लं निंगाली अन् मायच्या मांगं पाण्यात उतरली. मी सैपाकात. पंगत बगीच्यातच बसलेली, निवद दाखवाचा बाकी. वाढाले बाहेर आली तं जावई शिवमराव सतरंजीवर बसल्या बसल्याच मले मोबाईल दाखवत म्हणे, "आई, पहा, पिल्लं कसे घसरगुंडी खेळून राह्यले!"

म्या पाह्यलं. पिल्लं पन्नीवर चढत अन् घसरत. बदकीन काठावरून वरडून राह्यली होती.

"खेळून नाई, मरून राह्यले थे! डोळे फुटले काय सगळ्यायचे? उठा!"

कोनी हाललं नाई. म्या सतरंजीचं टोक धरलं अन् ओढली. जावई धडपडले, पत्रावळी उडाल्या.

बुढा म्हणे, "अवो, जावयाले उठवते? लोकं काय म्हणतीन?"

"तुमाले अक्कल नाई! लोकायले घाला चुलीत!"

तळ्याकाठी नेऊन सतरंजीचं एक टोक दगडाखाली दाबलं, दुसरं पाण्यात सोडलं. सगळ्यायले मांगं हाकललं. बदकीन आवाज देत राह्यली अन् एकेक पिल्लू सतरंजीवरून वर आलं. दोन आलीच नाई. थे पाण्यावर उलटी पडली होती.

बुढा म्हणे, "चाल, दोनच तं गेली. निवद थंडा होऊन राह्यला."

माह्या अंगाची आग झाली. घरात महालक्ष्म्यायसमोर त्यायची मातीची दोन लेकरं बसवली होती, नव्या झबल्यात, हार घालून.

"त्या मातीच्या लेकरायले भूक नाई लागत," म्या म्हणलं. "आधी पोती बांधा. तवरोक या घरात कोनाले घास भेटत नाई."

बुढा गेला पोती आणाले. बसाले सतरंजी नव्हती, जावई उभ्यानंच थांबले.